न दिसणारे आटे: कडक पोलाद, ऑइल सील आणि फिरणारं टूल

काही वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका शेडमध्ये शाफ्टचं एक खोकं परत आलं. माल उचलायच्या होइस्टच्या गिअरबॉक्समधले शाफ्ट होते. 50 मिमी व्यासाचे, हार्डनिंग केलेले, ऑइल सील (शाफ्टभोवती बसून तेल आत अडवणारं रबरी कडं) बसतं ती जागा आरशासारखी. सोबत तक्रार एका ओळीची: वजन वर चढवताना गिअरबॉक्स कोरडा, खाली उतरवताना सीलपाशी तेल. त्यांनी सील बदलून पाहिलं होतं, सीलचा ब्रँडही बदलून पाहिला होता. तेल येतच होतं, आणि शाफ्ट एकाच दिशेने फिरताना येत होतं.

आम्ही मायक्रोमीटर काढला. सगळे शाफ्ट एकमेकांच्या 5 मायक्रॉनच्या आत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फिनिश मोजलं, तर ड्रॉइंगवर मागितलं होतं त्यात व्यवस्थित बसत होतं. आमच्या टर्नरला तर हा अपमानच वाटला. ग्राइंडिंगला न पाठवता, सीएनसी लेथवर नवं कोरं सीबीएन इन्सर्ट (टूलला लावायचा अतिशय कडक, बदलता येणारा तुकडा) लावून त्याने ही जागा टर्न केली होती. त्याला त्याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर मलाही होता.

मग ग्राहकाकडचे एक वयस्कर इन्स्पेक्टर आले. त्यांनी कुठलंही गेज मागितलं नाही, शिवणाचा दोरा मागितला. शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरला, त्यावर तेलाचं बोट फिरवलं, दोरा शाफ्टवरून घेऊन खालच्या टोकाला एक छोटा नट लटकवला आणि लेथ अगदी सावकाश फिरवायला सांगितलं. दोरा जागेवर राहिला नाही. मुंगीच्या चालीने तो शाफ्टवरून एका बाजूला सरकत गेला. लेथ उलटं फिरवल्यावर तसाच मागे आला. "आटे आहेत, साहेब," एवढंच म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

हा लेख त्या आट्यांबद्दल आहे. ते कुठून येतात, आणि ते येऊच नयेत म्हणून लेथवरचं टूलच फिरवायची युक्ती कोणी का काढली, त्याबद्दल.

रेघ एकच असते

लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो आणि टूल त्याच्या कडेने सरकतं. जॉबच्या प्रत्येक फेऱ्याला टूल जेवढं पुढे जातं त्याला फीड म्हणतात. फिनिशिंगला तो साधारण 0.1 मिमी ठेवतात. आता नीट विचार केला तर टूलच्या टोकाने शाफ्टवर गोल गोल वेगळ्या रेघा ओढलेल्या नसतात. एकच सलग रेघ असते, बोल्टवरच्या आट्यासारखी गुंडाळत गेलेली. सीलची जागा 30 मिमी रुंद असेल तर 300 फेऱ्यांची एक रेघ. म्हणजे टर्निंग केलेला प्रत्येक शाफ्ट हा मुळात एक स्क्रू असतो. त्याचे आटे इतके उथळ असतात की डोळ्यांना ते चकाकीसारखे दिसतात.

किती उथळ? याचं एक सोपं गणित प्रत्येक टर्नरला शिकवतात. टूलचं टोक टोकदार नसतं, त्याला छोटी गोलाई असते. फीडचा वर्ग करायचा आणि त्याला गोलाईच्या त्रिज्येच्या आठपटीने भागायचं, की खाचेची खोली मिळते. त्रिज्या 0.8 मिमी आणि फीड 0.1 मिमी धरला तर उत्तर येतं 0.00156 मिमी, म्हणजे दीड मायक्रॉनच्या जरा वर. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो.

एवढ्याशा खाचेने गिअरबॉक्स गळतो, हे पटत नाही. पण सीलच्या बाजूने पाहा. ऑइल सीलचा रबरी ओठ शाफ्टला कोरडा चिकटून बसलेला नसतो. चालत्या शाफ्टवर त्याच्याखाली तेलाचा अगदी पातळ थर असतो, आणि त्या थराची जाडीही मायक्रॉनच्याच हिशेबातली. ओठाचा तेलाकडचा उतार जास्त खडा, हवेकडचा जास्त सपाट, असा मुद्दाम घडवलेला असतो. त्यामुळे रबराच्या सूक्ष्म घड्या बाहेर निसटू पाहणारं तेल सतत आत ढकलत राहतात. चांगलं सील नुसतं झाकण नसतं, तो एक इवलासा पंप असतो.

आता त्या पंपाखाली आटे असलेला शाफ्ट फिरवा. भारतातली साधी चार पोलची मोटर मिनिटाला 1440 च्या आसपास फेरे घेते. फीड 0.1 मिमी असेल तर आट्याची खाच सीलच्या ओठाखालून मिनिटाला 144 मिमी सरकते. खाच भरून तेल, एकाच दिशेने, दिवसभर. शाफ्ट ज्या दिशेने फिरताना खाच तेलाला आत नेते, त्या दिशेला गिअरबॉक्स कोरडा दिसतो. उलट फिरला की तीच खाच तेल बाहेर आणून टाकते. आमचा होइस्ट नेमकं हेच करत होता. कोरडी दिशाही निर्धास्त नसते. आट्यांनी तेल फार जोराने आत ओढलं तर ओठाखाली थरच उरत नाही आणि रबर जळतं.

म्हणून सील बनवणारे शाफ्टच्या जागेसाठी तीन गोष्टी मागतात. कडकपणा किमान 45 एचआरसी (कडकपणाचं माप, पुढे येईलच), वेग जास्त असेल तर 55. खडबडीतपणाची उंची 1 ते 5 मायक्रॉनच्या दरम्यान, कारण फार गुळगुळीत शाफ्टवर तेल टिकत नाही. आमची आरशासारखी चकाकी ही मुळात शेखी मिरवायची गोष्टच नव्हती. आणि तिसरी अट म्हणजे पृष्ठभागाला स्वतःची दिशा नसावी. जर्मन लोक या दिशेला 'द्राल' म्हणतात आणि ती मोजण्यासाठी मर्सिडीज-बेंझने काढलेलं कंपनी मानक गाड्यांच्या जगात बरंच वापरलं जातं. त्यात शाफ्टच्या परिघावर ठिकठिकाणी सुई फिरवून घेतलेल्या नोंदी एकत्र जोडतात आणि आट्यांचा नकाशाच काढतात. दोऱ्याची चाचणी त्याची गरीब बहीण. तीही शास्त्रशुद्धच आहे, फक्त दोन्ही दिशांना करून पाहावी लागते. दिशा बदलूनही दोरा एकाच बाजूला सरकत राहिला तर दोष आट्यांचा नसतो, शाफ्ट लेव्हलमध्ये नसतो किंवा टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळता, असतो.

आधी कडक का करायचं

गावाकडे लोहार कोयत्याला पाणी देतो ते पाहिलं असेल. तापवून लाल केलेली धार पाण्यात बुडवली की ती कडक होते. कारखान्यातलं हार्डनिंग त्याचंच थोरलं भावंडं. गिअर आणि शाफ्टसाठी बहुतेकदा कमी कार्बनचं पोलाद घेतात, भट्टीत त्याच्या सालीत कार्बन मुरवतात आणि मग तेलात विझवतात. वरचा मिलिमीटरभराचा थर 58 ते 62 एचआरसी होतो, आतला गाभा चिवट राहतो. ही एचआरसी म्हणजे रॉकवेलची सी मापपट्टी: हिऱ्याचा शंकू 150 किलोच्या भाराने दाबायचा आणि किती आत गेला ते पाहायचं. 60 च्या वरच्या पोलादावर साधी कानस चालवून पाहा, घसरते. ओरखडाही नीट उठत नाही.

अडचण अशी की विझवताना पोलाद फुगतं, वाकतं, अंडाकृती होतं. लेथवर कितीही नेमका करून पाठवा, भट्टीतून जॉब आपल्या मर्जीने परत येतो. त्यामुळे शेवटचं माप हार्डनिंगनंतरच काढावं लागतं, कानस घसरते त्या पोलादावर. अनेक दशकं याचं उत्तर एकच होतं: ग्राइंडिंग.

सीलच्या जागेसाठी ग्राइंडिंगची एक खास पद्धत आहे. व्हील जॉबच्या कडेने सरकवायचं नाही, सरळ आत घालायचं. याला प्लंज ग्राइंडिंग म्हणतात. बाजूला सरकणंच नाही, म्हणजे आटेही नाहीत. खाचा असतात, पण त्या परिघाच्या दिशेने, तुटक तुटक, कुठेच न नेणाऱ्या.

(यातही गंमत आहे. व्हीलला धार लावायला डायमंड ड्रेसर त्यावरून सरकवतात, म्हणजे व्हीलवरच बारीक आटे पडतात. व्हील आणि जॉबच्या फेऱ्यांचं गुणोत्तर नेमकं पूर्णांकात आलं तर व्हीलवरचे आटे जॉबवर छापले जातात. ग्राइंडिंग केलं म्हणजे दिशा गेलीच, असं समजून चालत नाही.)

ग्राइंडिंगला वेगळं मशीन लागतं, वेगळा माणूस लागतो, कूलंटचा पूर लागतो. धातूची पूड, व्हीलचे कण आणि कूलंट यांचा जो चिखल निघतो तो भंगारवालाही आनंदाने नेत नाही. जॉब लेथवरून काढून दुसरीकडे पकडला की थोडा रनआउट, म्हणजे मध्य किंचित हुकून डोलत फिरणं, आलंच. त्यामुळे जॉब लेथवरच संपवता आला तर, हे स्वप्न जुनं आहे.

कडक पोलाद कापणारं टूल

स्वप्नाला आधी हवं होतं कडक पोलादाहून खूप कडक टूल. हिरा चालत नाही. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडाला कार्बनची भूक असते. टोकावरच्या तापमानात हिरा पोलादात अक्षरशः विरघळत जातो. तोडगा निघाला तो जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. 1957 साली रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी बोरॉन नायट्राइड प्रचंड दाबाखाली तापवून त्याचं हिऱ्यासारख्या रचनेचं रूप तयार केलं. 1969 पासून ते बोरॅझॉन या नावाने बाजारात मिळू लागलं. आपण त्याला सीबीएन म्हणतो. कडकपणात ते हिऱ्याच्या खालोखाल, पण लोखंडाशी त्याचं वैर नाही, आणि हजार अंशांवरही ते मऊ पडत नाही.

सीबीएनने 60 एचआरसीचं पोलाद कापताना पहिल्यांदा पाहणारा माणूस थबकतो. कूलंट बहुतेकदा बंद असतं. चिप, म्हणजे कापून निघणारी धातूची साल, लालभडक, नारिंगी निघते, आणि तीच चिप निघालेल्या जॉबला लगेच बोट लावता येतं. इथलं रहस्य असं: टूल फारसं टोकदार नसतं, उलट त्याची धार मुद्दाम घासून बोथट उतरती केलेली असते, जेणेकरून ती तुटू नये. ही बोथट धार पोलादाला समोरून रेटते. त्या रेट्याने धारेपुढच्या कणभर जागेत एवढी उष्णता होते की तिथलं पोलाद तेवढ्यापुरतं मऊ पडतं, कापलं जातं आणि उष्णता सोबत घेऊन चिपच्या रूपाने निघून जातं. कापायचं पोलाद कापायच्या क्षणी कडक राहिलेलंच नसतं. लोहार तापवून ठोकतो, हे टूल तापवणं आणि कापणं एकाच क्षणात उरकतं. म्हणून इथे फार कमी वेग ठेवून जपून काम करणं उलट घातक ठरतं. नवखा टर्नर हमखास ही चूक करतो. मिनिटाला 100 ते 200 मीटर वेग, 0.1 ते 0.3 मिमी कट, असं काहीसं गणित असतं.

किंमतही मोजावी लागते. धार बोथट आणि कट उथळ असल्यामुळे जॉबला बाजूला ढकलणारा जोर कापणाऱ्या जोराहून जास्त असतो, म्हणून मशीन दणकट हवं. टूल झिजलं की उष्णता चिपसोबत न जाता जॉबच्या सालीत शिरते. सालीचा काही मायक्रॉनचा थर पुन्हा तापून विझतो, ठिसूळ होतो. कापून, घासून, ॲसिड लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की तो पांढरा दिसतो. बेअरिंग किंवा गिअरच्या शाफ्टवर असा थर नको असतो, कारण तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. इन्सर्ट अजून कापतंय म्हणून वापरत राहणं ही हार्ड टर्निंगमधली सगळ्यात महाग काटकसर.

हे सगळं सांभाळलं तरी आटे राहतातच. सीबीएन कितीही भारी असो, ते एक टोक आहे आणि ते सरकतंय. आमच्या खोक्यातली अडचण टूल काय दर्जाचं आहे ही नव्हती. कापायची चालच स्क्रूची होती.

टूल फिरवायचं, पण कसं

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये सांक्ट गेऑर्गन नावाच्या गावी वाइसर नावाची लेथ बनवणारी जुनी कंपनी आहे. तिने याच अडचणीवर रोटेशन टर्निंग नावाची पद्धत पुढे आणली. जर्मनीतल्याच एमाग या मशीन कंपनीची याच कल्पनेच्या जवळची, तिरपी धार वापरणारी पद्धतही आहे. दोन्हींमागचा विचार एक: टोकाने कापायचंच नाही, लांब तिरप्या धारेने कापायचं.

स्वयंपाकघरातलं लाटणं डोळ्यांसमोर आणा. त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडी पिळलेली, मळसूत्री धार बसवली आहे असं समजा. हे लाटणं फिरत्या शाफ्टच्या शेजारी, त्याला समांतर धरायचं आणि सावकाश वळवायचं. धार आणि शाफ्ट एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात. लाटणं वळत जाईल तसं भेटीचं ठिकाण शाफ्टच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे सरकत जातं. लाटणं स्वतः बाजूला हललेलंच नसतं. शाफ्ट मिनिटाला शेकडो फेरे घेत असताना टूल एक पूर्ण फेराही घेत नाही, थोडंसं वळतं आणि काम संपतं. "फिरणारं टूल" म्हटल्यावर लोक गरगर फिरणारा कटर मनात आणतात. तसं काही नाही, हे पान उलटण्याच्या चालीने वळतं.

कोणी म्हणेल, भेटीचं ठिकाण सरकतंय म्हणजे रेघ मळसूत्रीच राहिली. बरोबर आहे. रेघ गेलेली नाही. पण तिची खोली गेली, आणि हीच या पद्धतीची खरी गोम आहे.

साधं टोक म्हणजे 0.8 मिमी त्रिज्येचा वाटोळा ठसा. आता टोकाऐवजी एक सरळ धार घ्या, शाफ्टला टेकवा आणि शाफ्टच्या लांबीशी 45 अंशांत तिरपी करा. हातात पट्टी आणि पेन्सिल असेल तर लगेच करून पाहा, पट्टी म्हणजे धार आणि पेन्सिल म्हणजे शाफ्ट. पट्टी पेन्सिलला एका बिंदूत टेकते आणि तिथून दोन्हीकडे हळूहळू दूर जाते. किती हळू? भूमिती सांगते की शाफ्टच्या त्रिज्येला तिरपेपणाच्या टॅन्जंटच्या वर्गाने भागलं की त्या ठशाची त्रिज्या मिळते. 45 अंशांचा टॅन्जंट एक, म्हणून 50 मिमीच्या शाफ्टवर ती थेट 25 मिमी येते. 0.8 च्या जागी 25. धार शाफ्टच्या दिशेला जितकी जास्त झुकवाल तितकी ही त्रिज्या आणखी वाढते. (लाटण्यासारख्या टूलवर धार स्वतःही गोल वळते, त्यामुळे त्रिज्या याहून कमी भरते, पण 0.8 च्या मानाने ती मोठीच राहते.)

आता मघाचंच गणित पुन्हा. फीड 0.1 ऐवजी 0.5 मिमी घेतला, पाचपट. वर्ग 0.25, भागिले 25 च्या आठपट म्हणजे 200. खोली 0.00125 मिमी, सव्वा मायक्रॉन. पाचपट फीड देऊनही खाच आधीच्या दीड मायक्रॉनहून उथळ. हाच 0.5 मिमी फीड साध्या टोकाला दिला असता तर खाच 39 मायक्रॉन खोल पडली असती आणि शाफ्ट खरोखरच बोल्ट दिसला असता. फीड 0.1 वरच ठेवला तर तिरप्या धारेची खाच मायक्रॉनच्या विसाव्या भागापर्यंत येते. हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात मशीनची थरथर, धारेचा खडबडीतपणा आणि पोलादाचं बाजूला दबणं यात भर घालतात. किंबहुना ही भरच पृष्ठभाग ठरवते, आणि तिला दिशा नसते. सीलला हवं तेही हेच: थोडा खडबडीतपणा, पण कुठेच न नेणारा.

वेळही पाहा. 30 मिमीची जागा 0.1 च्या फीडने 300 फेऱ्यांत संपते. मिनिटाला 150 मीटर वेगाने 50 मिमीचा शाफ्ट मिनिटाला साधारण 955 फेरे घेतो, म्हणजे 19 सेकंद लागतात. 0.5 ने चार सेकंदांच्या आत. ग्राइंडिंगवाल्याला त्याचं व्हील जॉबजवळ आणायलाच कधी कधी एवढा वेळ लागतो.

झीज वाटून घेणारी धार

दुसरा फायदा माझ्या मते पहिल्याइतकाच मोठा आहे, पण त्याबद्दल कमी बोललं जातं. साध्या टर्निंगमध्ये त्या 300 फेऱ्यांत टूलचं तेच एक टोक 47 मीटर तापलेलं पोलाद कापतं. सगळी उष्णता, सगळी घासाघाशी त्या एका ठिपक्याची. फिरत्या धारेत प्रत्येक ठिपका क्षणभर कापतो आणि बाजूला होतो. पुढचा ताजा आणि थंड ठिपका जागा घेतो. वारीत पखवाज गळ्यात फिरता राहिला की कुणाचेच हात भरून येत नाहीत, तसंच. झीज लांब धारेवर पसरते, पांढऱ्या थराची भीती उशिरा सुरू होते.

पण याचीच एक उलट बाजू आहे आणि ती ध्यानात यायला मला वेळ लागला. साध्या टर्निंगमध्ये एकच टोक सगळी लांबी कापतं, त्यामुळे टोक झिजलं तर व्यास हळूहळू वाढत जातो, पण वाढ अंदाजात राहते. ऑफसेट देऊन, म्हणजे टूल तेवढं आत सरकवून, दुरुस्त करता येते. फिरत्या धारेत धारेचा प्रत्येक बिंदू शाफ्टवरची एकच नेमून दिलेली जागा कापतो. धारेवर मधेच एक टवका उडाला तर प्रत्येक जॉबवर त्याच ठिकाणी एक बारीक कंगोरा उमटणार, आणि नेमका सीलच्या ओठाखाली आला तर झालंच. टूल धरण्यात 3 मायक्रॉनचा रनआउट असेल तर तो शाफ्टच्या आकारात टेपर किंवा फुगीरपणा म्हणून उतरतो. टूल वळत असताना त्याला मायक्रॉनभर आत-बाहेर करून मशीन हे भरून काढू शकतं, पण त्यासाठी मशीनचे दोन-तीन अक्ष एका तालात चालवावे लागतात. जुन्या दोन अक्षांच्या सीएनसी लेथवर हे जमत नाही. मळसूत्री आकाराची नेमकी धार घासून देणाराही सगळीकडे भेटत नाही, आणि त्या टूलच्या किमतीत साध्या इन्सर्टच्या बऱ्याच डब्या येतील.

शिवाय लांब धार म्हणजे रुंद, पातळ चिप आणि जॉबवर जास्त रेटा. बारीक, लांब शाफ्ट लगेच वाकतो आणि थरथरतो. सीलच्या जागेलगत मोठा खांदा असेल तर टूलला शिरायला जागा आहे का, ते आधी पाहावं लागतं.

याच नावाच्या जवळपास फिरणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होते. एक म्हणजे बेअरिंगवर बसवलेलं गोल इन्सर्ट. ते कापता कापता जॉबच्या ओढीने स्वतःच गरगरतं आणि झीज पूर्ण परिघावर वाटतं. त्यावर 1952 सालीच मिल्टन शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अभ्यास केला होता. टूल टिकवायला कल्पना सुरेख, पण बेअरिंगची ढिलाई शाफ्टवर उतरते, आणि ते टूल लेथच्या कडेने सरकतंच, त्यामुळे आटे गेलेले नसतात. दुसरं टर्न-मिलिंग, ज्यात मिलिंग कटर जोरात फिरतो आणि जॉब हळू. त्यातून शाफ्टवर पैलू पडतात. क्रँकशाफ्टला ते उत्तम, सीलला त्याचा उपयोग नाही.

मग ग्राइंडिंग मशीनं विकून टाकायची का? मला तसं वाटत नाही. दिवसाला हजारो एकसारखे शाफ्ट काढणाऱ्या गाड्यांच्या गिअरबॉक्स लाइनवर फिरती धार आपली किंमत वसूल करते, कारण तिथे सेकंद मोजले जातात आणि ग्राइंडिंगचा चिखल उचलायलाही पैसे पडतात. आठवड्याला पन्नास वेगवेगळे शाफ्ट करणाऱ्या आमच्यासारख्या शेडमध्ये प्रत्येक रुंदीला वेगळी मळसूत्री धार घेऊन बसणं परवडत नाही. तिथे बाकी सगळं कडक काम सीबीएनने लेथवर उरकून सीलची 30 मिमी तेवढी प्लंज ग्राइंडिंगला पाठवणं हाच शहाणा मार्ग. दोन पकडींत थोडा रनआउट येतो, तो चालतो.

राहिलं ते खोकं. इन्स्पेक्टर गेल्यावर आमची पहिली चिंता अशी होती की शाफ्ट शेवटच्या मापाला आणून ठेवलेत, आता ग्राइंडिंगला माल उरलाय कुठे? तेव्हा पहिल्यांदाच कोणीतरी ड्रॉइंगवरची ती ओळ नीट वाचली. सीलच्या जागेचा व्यास एच-11 मध्ये मागितला होता, जसा तो सहसा मागतात. 50 मिमीला एच-11 म्हणजे शून्यापासून खाली 160 मायक्रॉनपर्यंत काहीही चालतं. आम्ही ज्या 5 मायक्रॉनची छाती फुगवून कॉलर ताठ करत होतो, ते कोणी मागितलेच नव्हते. हार्डनिंगचा थर मिलिमीटरच्या जवळपास होता, त्यातून 0.03 मिमी गेल्याने काही बिघडणार नव्हतं. ओळखीच्या एका ग्राइंडिंगवाल्याकडे सगळे शाफ्ट प्लंज मारून आणले. परत पाठवण्याआधी टर्नरने स्वतःच्या हाताने प्रत्येकावर दोरा टाकून पाहिला, आधी सरळ फिरवून आणि मग उलट.